पोस्टरची पाठ

प्रिय मुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आजोबांच्या ट्रंकेत ४३ पोस्टरं निघाली. ‘दीवार’च्या पोस्टरला एक व्यापारी बरे पैसे द्यायला तयार आहे. दादा म्हणतो विकून टाक. तुला वाटतं, चार-पाच चांगली निवडून फ्रेम करून हॉलमध्ये लावावीत. बाकीच्यांचं काय करायचं हे घरात कुणालाच सुचत नाही. सोबत तू १९ फोटो पाठवलेस आणि सगळेच्या सगळे समोरून काढलेले. पाठ कुठाय?

रागावलो असं समजू नकोस. पण फ्रेम, किंमत, व्यापारी हे सगळं नंतर. आधी पाठ बघ.

तुझे आजोबा तंबूतली टॉकीज चालवायचे. पुसेगाव, म्हसवड, जिथे यात्रा तिथे तंबू. तिथल्या पोस्टरचं आयुष्य तुला ठाऊक हवं. पिक्चरच्या पेटीबरोबर पोस्टरांचा गठ्ठा घड्या घालून यायचा. त्यातली बरीचशी खळ लावून भिंतींवर, झाडांवर, बैलगाडीच्या साट्यांवर चिकटायची आणि पहिल्या वळवात वाहून जायची. आज हाती लागतं ते न चिकटवलेलं, उरलेलं पोस्टर. आणि उरलेला कागद तंबूत वाया जात नसे. तीस बाय चाळीस इंचांचा, एका बाजूने कोरा! त्यावर हिशोब मांडले जायचे. किती खेळ झाले, गल्ला किती, रॉकेल किती, पाऊस पडला की नाही. वितरकाचा शिक्का असायचा तोही पाठीवरच. समोरची बाजू छापखान्यात हजारोंनी निघाली. पाठ एकच आहे, आणि ती तुझ्याकडे आहे.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. हे सांगायला मला अजून जड जातं.

१९८६ साली एका तालुक्याच्या गावी एका म्हाताऱ्याकडून मी ११ पोस्टरं घेतली. आयुष्यभर तो तंबूवाल्यांकडे खुंट्या ठोकायचं काम करत आलेला. कागद घड्यांवर फाटत होते. मला घाई झाली होती, ती भिंतीवर बघायची. एका फ्रेमवाल्याकडे नेली. तो म्हणाला, मांजरपाटावर डकवून देतो, शंभर वर्षं काही होणार नाही. मी हो म्हणालो. पांढरा गोंद, मागे कापड, वरून रूळ फिरवलेला. आठ दिवसांनी घरी आणली, घरातल्या सगळ्यांनी वाहवा केली. त्यानंतर कधीतरी रात्री एकदम आठवलं. एका पोस्टरच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने चार रकाने आखले होते. पहिल्यात गावांची नावं, पुढे आकडे. उचलताना मी ते पाहिलं होतं. वाचलं नव्हतं. वाचू म्हटलं नंतर. आता ते कापडाखाली आहे. उजेडासमोर धरलं की निळसर सावली दिसते, अक्षर लागत नाही. म्हाताऱ्याकडे परत गेलो तेव्हा तो वारला होता.

म्हणून पुन्हा सांगतो, पाठ बघ.

आता तुझा ‘दीवार’. पिक्चर १९७५चा. त्याची पोस्टरं चित्रकार दिवाकर करकरे यांच्या हातची. त्या फटकाऱ्यांना मोल आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तंबूत पोचेपर्यंत पिक्चर जुना झालेला असायचा. चालणारे पिक्चर पुन्हा पुन्हा लागायचे आणि पोस्टरं पुन्हा छापली जायची. तुझं पोस्टर पहिल्या छपाईचं की नंतरचं, हे व्यापारी तुला सांगेलच असं नाही. खालच्या काठावर छापखान्याची बारीक ओळ असते, ती वाच. घडीच्या खुणा बघ. इतकं जुनं पोस्टर बिनघडीचं समोर आलं तर मी आधी संशय घेतो. भिंगाखाली सारखे ठिपके दिसले म्हणून ते खोटं ठरत नाही, ऑफसेटवर छापलेल्या अस्सल पोस्टरवरही ठिपके असतातच. आणि मग उलटं कर. शिक्का, तारीख, गाव. पाठ बोलते ते समोरच्या बाजूला बोलताच येत नाही.

गठ्ठा फोडू नकोस. ‘दीवार’ गेला की उरलेली ४२ रद्दीच्या वाटेला लागतात, मी हे दहा घरांत पाहिलंय. ज्या मराठी पिक्चरांची नावं तू ‘कुणालाच माहीत नसलेली’ म्हणून लिहिलीस, त्यांच्यासाठीच मला धाकधूक वाटते. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ला मुंबईत मॅजेस्टिक टॉकीजला लागला. आपल्याकडचा पहिला बोलपट! त्याची एकही प्रत आज नाही. उरलाय तो कागद: काही फोटो, जाहिराती. कोल्हापुरात बाबूराव पेंटर स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. त्यांचं १९२४चं ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आपल्याकडचं टिकलेलं सर्वांत जुनं चित्रमय पोस्टर मानतात. कुणीतरी तो कागद रद्दीत घातला नाही म्हणून. तुझ्या ४२ मधल्या एखाद्या पिक्चरची रीळं कुठेच उरली नसतील तर?

मला लोक हट्टी म्हणतात. माझ्या मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी प्रभातच्या एका पोस्टरला मोठी मागणी आली होती. मी दिलं नाही, पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि सहा वर्षं फेडलं. बायको तेव्हा माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही. चूक झाली असं घरचे आजही म्हणतात. मी म्हणत नाही. त्या पोस्टरच्या मागे पुण्यातल्या एका थिएटरचा शिक्का आहे आणि त्याखाली कुणीतरी लिहिलंय, ‘शेवटचा आठवडा’. गिऱ्हाइकाने ते एकदा तरी उलटून पाहिलं असतं तर कदाचित मी दिलंही असतं. त्याने नाही पाहिलं.

असो. तुला करायचं ते सोपं आहे. हात धुऊन, कोरडे करून, मोठ्या टेबलावर एकेक उलगड. फाटलंय तिथे चिकटपट्टी लावायची नाही. तिचा तेलकट डाग कागदात उतरतो तो कायमचा. लॅमिनेशनचं नावही काढू नकोस. दोन्ही बाजूंचे फोटो, वहीत नंबर, मग अॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या कागदात घालून आडवी ठेव, पावसाळ्यात ओलावणाऱ्या भिंतीपासून लांब. भिंतीवर हवंच असेल तर त्या फोटोची प्रत छापून लाव, अस्सल कागद उन्हात तपकिरी पडतो. सांभाळणं झेपणार नसेल तर पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपट संग्रहालय आहे, १९६४पासूनचं. ४३च्या ४३ तिथे ने. पण पाठी वाचून झाल्यावर.

तू लिहिलंयस की आजी तंबूच्या दारात तिकिटं फाडायची आणि आता तिला फारसं आठवत नाही. तिला अमिताभचा चेहरा दाखवून काय आठवणार? तो तिने पुढे टीव्हीवर हजारदा पाहिलाय. या रविवारी जा. पोस्टर पालथं ठेव आणि आजोबांचं अक्षर तिच्यासमोर धर. सात आणि एक ते कसे काढायचे, कुठलं गाव दोनच अक्षरांत लिहायचे, हे सांगू शकेल असं आता जगात एकच माणूस आहे. ती बोलेल तसं वहीत उतरवून घे. जाताना पेन्सिल ने, पेन नको. कागदाशेजारी शाई नसलेली बरी.

आणि पाठींचे फोटो सोमवारपर्यंत मला पाठव.

तुझा,
काका