कृष्णधवल रोलसाठी कोणता डेव्हलपर निवडावा?

प्रश्न : मी घरीच डी-76 मध्ये रोल धुतो. त्यातील रसायने घातक आहेत असे ऐकले. पर्याय कोणता? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : डी-76 या डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, मेटॉल आणि हायड्रोक्विनोन ही रसायने असतात. हायड्रोक्विनोन जलचरांना अतिशय विषारी असते, तर मेटॉलची काहींच्या त्वचेला अशी अॅलर्जी जडते की पुढे किंचित स्पर्शही सोसत नाही. घरात न फोडलेले पाकीट असेल तर ते हातमोजे घालून वापरून संपवावे. पर्यावरणाच्या काळजीपोटी ते फेकून देण्यात काही अर्थ नाही. नवे घेताना मात्र मी एक्सटॉलचेच नाव सुचवेन. कोडॅकने 1996 साली आणलेल्या या डेव्हलपरमध्ये हायड्रोक्विनोनऐवजी क जीवनसत्त्वाच्या जवळचे आयसोअॅस्कॉर्बेट आणि मेटॉलऐवजी फेनिडोन वर्गातील द्रव्य आहे, आणि त्यासाठी ग्रेन (चित्रातील कणीदारपणा) किंवा रेखीवपणात तडजोड करावी लागत नाही. अॅडॉक्सचा एक्सटी-3 आणि फोमाचा फोमाडॉन एक्सेल हे याच घराण्यातले.

नियमित रोल धुणाऱ्याने वापरलेले द्रावण ओतून न देता, 36 फ्रेमच्या प्रत्येक रोलमागे 70 मिलिलिटर ताजे द्रावण त्यात मिसळत जावे; वाया जाणारे रसायन त्यामुळे खूपच कमी होते. एक खोड मात्र लक्षात ठेवावी : एक्सटॉल खराब झाला तरी रंग बदलत नाही. म्हणून रोल टाकीत भरण्यापूर्वी फिल्मच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा उजेडातच द्रावणात बुडवावा. तो काही मिनिटांत काळाकुट्ट झाला नाही, तर रोलला हात लावू नये.

प्रश्न : कॉफीने रोल धुता येतो म्हणतात. माझ्या टाकीत फिल्म कोरीच निघाली. (एक विद्यार्थिनी, बार्शी)

उत्तर : धुता येतो. 1995 मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ही कृती पुढे आली आणि नंतर तीत क जीवनसत्त्वाची भर पडली. लिटरमागे 54 ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा, 16 ग्रॅम अॅस्कॉर्बिक आम्ल (म्हणजेच क जीवनसत्त्व) आणि 40 ग्रॅम इन्स्टंट कॉफी घेऊन 20 अंश सेल्सिअसला सुमारे 15 मिनिटे, हे प्रचलित प्रमाण आहे. आपण खाण्याचा सोडा घातला असावा, असा माझा तर्क आहे. त्याचा अल्कधर्म इतका सौम्य असतो की फिल्मवर काहीच उमटत नाही. खड्यांचा धुण्याचा सोडा असेल तर त्यात निम्म्याहून अधिक पाणी असते, म्हणून तो पावणेतीन पट घ्यावा लागतो. चघळायच्या गोळ्या टाळून शुद्ध अॅस्कॉर्बिक पावडर घ्यावी. कॉफीच्या बाटलीवर चिकोरीचे प्रमाणही वाचावे, कारण ते बदलले की निकालही बदलतो. प्रयोग म्हणून हा प्रकार मजेचा आहे. पण दर रोलला पिण्याजोगी कॉफी एकदाच वापरून ओतणे मला फारसे पर्यावरणपूरक वाटत नाही.

प्रश्न : डेव्हलपर सौम्य असेल तर सगळे गटारात ओतले तरी चालेल ना? (सात रस्ता)

उत्तर : नाही. डेव्हलपरवर एवढी चर्चा करणारी मंडळी हायपोकडे, म्हणजे डेव्हलपरनंतर चित्र पक्के करणाऱ्या द्रावणाकडे, दुर्लक्ष करतात आणि खरी चूक तिथेच होते. फिल्मवर न वापरली गेलेली चांदी विरघळून हायपोत उतरते. डेव्हलपर कोणताही असो, ती टळत नाही. चांदीचे आयन जलचरांना आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंनाही बाधतात. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत एक्स-रे फिल्म धुण्याचे चांदीयुक्त द्रावण रासायनिक कचऱ्यात मोडते ते उगाच नाही. आपण ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, ठळक चिठ्ठी लावून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. जुन्या पद्धतीच्या एक्स-रे केंद्रात चौकशी केल्यास वापरलेला हायपो नेणाऱ्याचा पत्ता लागू शकतो. हायपोत लोखंडाची बारीक लोकर बुडवून ठेवली तर लोखंड विरघळते आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. भांड्यांची चकचकीत स्टेनलेस घासणी इथे निरुपयोगी. पाण्यात गंजणारी, सुतार पॉलिशपूर्वी वापरतात तीच लोकर हवी. तो गाळही नेणाऱ्याकडेच द्यावा.

प्रश्न : मे महिन्यात नळाचे पाणीच तापलेले असते आणि तेही रोज येत नाही. काय करावे? (होटगी रोड)

उत्तर : डेव्हलपरच्या वेळेचे बहुतेक तक्ते 20 अंशांसाठी असतात. 24 अंशांपर्यंत, दर अंशामागे वेळ साधारण दहा टक्के कमी करून, काम भागते. मात्र वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला तर फिल्मवर डाग व पट्टे दिसू लागतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठातील पाणी बरेच उतरते. उरलेली कसर बर्फाच्या बादलीत बाटली उभी करून भरून काढावी. बोअरच्या पाण्यात एक्सटॉल कालवू नये, कारण पाण्यातील लोहाने अॅस्कॉर्बेट लवकर नासते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर उत्तम. शेवटच्या धुलाईला नळ सोडून ठेवण्याची गरज नाही. हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारे द्रव्य) नसलेला हायपो असेल, तर टाकी भरून 5 वेळा उलटसुलट करावी, पाणी बदलून 10 वेळा आणि पुन्हा बदलून 20 वेळा. इलफर्ड या फिल्म कंपनीची ही पद्धत लिटरभर पाण्यात भागते. यातील पहिल्या पाण्यात चांदी बरीच उतरलेली असते, म्हणून ते हायपोच्याच कॅनमध्ये ओतावे.