परीकथेवरून रोमँटिक फॅंटसी कादंबरी मराठीत लिहायची आहे. कुठली कथा घेऊ? आणि ती नाशिकमध्ये घडवली की आपली होईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही होत.

'नावं बदला, गोदाकाठ टाका, एक वाडा टाका, झालं पुनर्कथन' हा सल्ला मी नाशकातल्याच एका वाचनगटात ऐकला आहे, आणि तो देणारा माणूस हस्तलिखितं तपासण्यात मुरलेला होता. समोर होतं ते ब्यूटी अँड द बीस्टवर, म्हणजे बापाने तोडलेल्या एका गुलाबापायी शापित पशूच्या वाड्यात राहायला जाणाऱ्या मुलीच्या कथेवर, बेतलेलं हस्तलिखित. जुन्या नाशकातला वाडा, शापित जहागीरदार, निफाडच्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी. वर्णनं सुरेख. पण पन्नासाव्या पानावर दोघं प्रेमात पडलेले, शाप उतरतो दोनशेव्या पानावर, आणि मधल्या दीडशे पानांत घडण्यासारखं काही उरलेलंच नाही. मी कारणं विचारू लागले तर उत्तर मिळालं, 'परीकथेत कारणं विचारायची नसतात.' मुलांना झोपवताना नसतील विचारायची. कादंबरीत विचारावीच लागतात.

परीकथा अटीवर उभी असते. बाराच्या आत परत ये. हे दार उघडू नकोस. दिवा लावून नवऱ्याचं तोंड पाहू नकोस. आपल्याकडे उर्वशीने पुरूरव्याला घातलेली अट याच जातीची: तू मला विवस्त्र दिसता कामा नयेस. गंधर्वांनी तिची कोकरं पळवली, तो तसाच उठून धावला, वीज चमकली आणि ती गेली. प्रेमकथा असते ती त्या अटीत. म्हणून कथा निवडताना राजवाडा किती सुंदर हे बघू नका, अट तीनशे पानं ताण धरते का ते बघा.

या कसोटीवर माझं मत सरळ आहे: पहिल्या कादंबरीसाठी ब्यूटी अँड द बीस्टच घ्या. फ्रेंच लेखिका मादाम द व्हिलनव्ह यांनी ही कथा १७४० मध्ये लांबलचक लिहिली आणि १७५६ मध्ये मादाम द बोमाँ यांनी ती छोटी केली. बोमाँचं रूप शांतपणे वाचा, कारण प्रेम कसं वाढवायचं याचा हिशोब त्यात तयार आहे. मुलगी वाड्यात तीन महिने राहते. बीस्ट रोज रात्री नऊ वाजता जेवणाच्या वेळी येतो आणि लग्नाचं विचारतो, ती रोज नाही म्हणते. सुरुवातीला तिला त्याची भीती वाटते. पुढे पुढे ती स्वतःच घड्याळाकडे बघू लागते, नऊ वाजत आले का म्हणून. ते घड्याळ बघणं म्हणजे अख्खी प्रेमकथा आहे. पहिली भेट, भीती, सवय, वाट बघणं, या क्रमाने निदान आठ-दहा जेवणं लिहा आणि प्रत्येक जेवणात तिच्या नकाराचं कारण बदला. आज भीती, उद्या बापावरचा राग, परवा स्वतःवरचा संशय. नकार तेच आणि कारणही तेच राहिलं की वाचक पानं उलटू लागतो. त्या हस्तलिखितात जेवणं दोनच होती.

कैदेतलं प्रेम ही या कथेवरची मोठी टीका आहे आणि ती रास्त आहे. पण बोमाँचा बीस्ट पहिल्याच जेवणाला सांगतो की इथली मालकीण तूच आहेस, मी नको असेन तर जा म्हण, लगेच जातो. हे वाक्य गाळून त्याला नुसता दरडावणारा केला की पुढचं सगळं प्रेम खोटं वाटतं. शिवाय बाहेर पडायचा खरा मार्ग तिच्या हाती द्या, अर्ध्याच्या थोडं पुढे. मूळ कथेत ती आठ दिवसांसाठी माहेरी जाते, बहिणी तिला थांबवून घेतात आणि दहाव्या रात्री स्वप्नात तिला तो मरायला टेकलेला दिसतो. ती स्वतःच्या पायांनी परत येते. हे परत येणं नसेल तर शाप उतरायला काही अर्थ राहत नाही.

आता नाशिक. बोमाँच्या कथेत व्यापाऱ्याची जहाजं बुडतात, घर खेड्यात येतं. वर्षभराने एक जहाज परत आल्याचं पत्र मिळतं, बाप जातो, तिथे खटले निघतात आणि तो रिकाम्या हाती बर्फातून परततो. नाशिकमध्ये जहाजं शोधत बसू नका, ती आपल्याकडे आहेतच. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. बुडालेल्या जहाजाचं याहून खरं रूप मिळणार नाही. पुढच्या डिसेंबरात पैसे सुटल्याचा निरोप येतो, बाप मुंबईला जातो, हाती काही लागत नाही आणि तो कसारा घाट चढून रात्रीचा परततो. बर्फाच्या जागी निफाडची थंडी येते, मणी तडकू नयेत म्हणून बागांतून पेटवलेल्या शेकोट्या येतात. धुरात रस्ता चुकलेला माणूस अनोळखी वाड्याच्या दाराशी पोचला, हे कुठलाही वाचक मानेल. पुढचे तीन महिने पिकाने मोजा: डिसेंबरात हिरवे मणी, जानेवारीत मण्यांत पाणी उतरतं, म्हणजे ते पिकू लागतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. तारखा लिहायची गरजच पडणार नाही.

नुसती नावं बदलली की काय बिघडतं ते गुलाबापाशी कळतं. मूळ कथेत मुलगी गुलाब मागते, कारण त्यांच्या खेड्यात गुलाब होत नाही. मुघल काळात गुलशनाबाद म्हणवलेल्या शहरात, जिथे शेजारच्या दिंडोरी तालुक्यातल्या पॉलिहाऊसमधून गुलाबाच्या जुड्या निघतात, तिथे एका फुलासाठी बापाचा जीव पणाला लागला म्हणून कोण मानेल? त्या हस्तलिखितात तो गुलाब तसाच होता आणि मी बोट ठेवलं तेव्हा 'प्रतीक आहे' असं ऐकावं लागलं. प्रतीकालाही भाव असावा लागतो. उपाय जवळच आहे: पॉलिहाऊसच्या डच गुलाबाला वास जवळपास नसतो आणि गुलकंदाला वासाचा गावठी गुलाबच लागतो. मुलीने आजीच्या गुलकंदासाठी जुन्या वाणाचा गावठी गुलाब मागितला आणि तो कुठेच मिळेना, की ते फूल पुन्हा दुर्मीळ झालं. मूळ कथेतली प्रत्येक वस्तू अशी हातात घ्या आणि विचारा, ही तिथे दुर्मीळ का होती, इथे काय दुर्मीळ आहे.

सिंड्रेलाबद्दल थोडक्यात. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या रूपात दोनच नाच आहेत, ग्रिम बंधूंकडे तीन दिवसांचा उत्सव. दोन-तीन संध्याकाळींत कादंबरीभर प्रेम उभं राहत नाही. त्यामुळे दोघांची ओळख नाचाआधीची दाखवा आणि तो तिला बुटाशिवाय का ओळखत नाही याचं उत्तर तयार ठेवा. स्लीपिंग ब्यूटीत नायिका झोपलेली, म्हणून तिची संमती हाच कादंबरीचा विषय करावा लागतो. पेरोकडे चुंबन नाही, शंभर वर्षं भरतात आणि ती जागी होते, मग दोघं चार तास बोलत बसतात. ते चार तास लिहिता येत असतील तर जरूर घ्या.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती एक गोष्ट आहे जी इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे नाही: तुम्ही आणि तू. नायिका त्याला पहिल्या जेवणापासून अहो-जाहो करेल. ती 'तू' कधी म्हणते ते लिहायला बसण्याआधी ठरवा आणि एकदाच वापरा. माझ्या मते ती जागा परत आल्यावरची, तो पडलेला असतानाची. बीस्टने मात्र आधी 'तू' म्हणू नये. तो हुकूम वाटतो. आजी बागलाण-कळवणकडची असेल तर तिच्या तोंडी अहिराणी येऊ द्या, पण ती येत असलेल्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय नको.

शेवटी तो देखणा राजपुत्र होतो, तिथे बरेच वाचक हिरमुसतात. बोमाँला हे ठाऊक होतं. तिची नायिका समोरच्या राजपुत्राला विचारते, बीस्ट कुठे आहे? हा प्रश्न ठेवा. आणि आधीच्या जेवणांत त्याची एखादी लकब पेरा, पेला धरायची किंवा थांबून बोलायची, म्हणजे तिला आणि वाचकाला तोच माणूस ओळखता येईल.

कॉपीराइटचं तुम्ही विचारलं नाहीत, पण लागेल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे पेरो, बोमाँ, ग्रिम, अँडरसन सगळे मोकळे. अलीकडच्या अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा असतो, त्यातली वाक्यं उचलू नका. चित्रपटांतल्या भरीपासूनही दूर राहा: बोलकी चहादाणी बोमाँकडे नाही, सात बुटक्यांना ग्रिमकडे नावं नाहीत.

हे सगळं मोठ्यांच्या कादंबरीसाठी म्हणते आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिणार असाल तर जेवणं कमी करा आणि बहिणींना जास्त जागा द्या. आणि तुमचा जीव सिंड्रेलावरच जडला असेल तर माझं ऐकू नका, तीच लिहा. फक्त बूट काचेचा ठेवायचा की सराफ बाजारातलं पैंजण करायचं हे ठरवताना तो तिच्याच पायात का बसतो, ते आधी कागदावर उतरवा.