घरात कांजिण्या, आणि तपासणीची तारीख तोंडावर

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला गरोदरपणाचा २४ वा आठवडा चालू आहे. तिच्या थोरल्या मुलाला चार दिवसांपूर्वी कांजिण्या निघाल्या. बहिणीला लहानपणी झाल्या होत्या का, हे आईलाही नक्की आठवत नाही. तिची तपासणी आठवड्याभराने आहे. ती पुढे ढकलावी का?

उत्तर : ढकलू नका, पण न कळवता थेट जाऊन बसूही नका. आजच फोन करा. फोनवर पहिल्याच वाक्यात 'घरात कांजिण्या आहेत, चोवीसावा आठवडा आहे, तिला आधी झाल्या होत्या की नाही माहीत नाही' एवढं सांगा. नुसतं 'बरं वाटत नाही' म्हटलं, तर समोरचा माणूस नेहमीचीच वेळ देईल, आणि त्या वेळेला बाकीच्या गरोदर बायका बाहेर बसलेल्या असतील.

आधी रक्तातल्या प्रतिपिंडांची (रोगाशी लढणाऱ्या घटकांची) तपासणी करून घ्या. ती असतील तर काळजी मिटली. नसतील तर संसर्गाशी संबंध आल्यापासून १० दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन देता येतं. तुमचे चार दिवस गेलेच आहेत, त्यामुळे ही तपासणी ठरलेल्या तारखेपर्यंत थांबवू नका. फोड उठल्यावर या इंजेक्शनचा उपयोग नसतो.

प्रतिपिंडं नसतील, तर संबंध आल्यानंतरच्या ८ व्या दिवसापासून २१ व्या दिवसापर्यंत तिच्यापासून इतरांना लागण होऊ शकते असं धरतात. इंजेक्शन दिलं असेल तर २८ व्या दिवसापर्यंत. अंगावर एकही फोड नसला तरी हे पाळायचं, कारण पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रोग पसरतो. मुलाला पुरळ कधी उठलं ती तारीख कागदावर लिहून ठेवा, डॉक्टर तीच पहिली विचारतील.

या काळातली भेट शक्यतो दिवसाच्या शेवटी घ्या. आत बोलावेपर्यंत बाहेर मोकळ्या हवेत किंवा गाडीत थांबा, मास्क लावा, आणि थेट तपासणीच्या खोलीत जा. सोनोग्राफीची खोली लहान आणि बंद असते, म्हणून तिथेही आधी सांगून ठेवा. (गोवराची शंका असेल तर आणखी जपावं लागतं. रुग्ण निघून गेल्यावरही त्या खोलीतली हवा दोन तासांपर्यंत संसर्गजन्य राहू शकते.)

फोड उठलेच तर त्याच दिवशी फोन करा. असायक्लोव्हिर हे औषध पहिल्या २४ तासांत सुरू झालं तर त्याचा खरा फायदा होतो. नेहमीचा डोस ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस असा असतो. पण तो डॉक्टरांनीच लिहून द्यायचा. गरोदरपणात कांजिण्यांमुळे न्यूमोनिया होण्याची भीती असते. त्यामुळे धाप लागली, छातीत दुखलं, फोडांतून रक्त यायला लागलं किंवा ग्लानी आली, तर तपासणीची तारीख बघत बसू नका, फोन करत करतच रुग्णालयाकडे निघा. सगळ्या फोडांवर खपली धरली की ती पूर्वीसारखी तपासणीला जाऊ शकते.

बाळाला धोका असतो, पण या आठवड्यांत तो बराच कमी असतो. बाळाची बारकाईने सोनोग्राफी मात्र लागणीनंतर किमान ५ आठवड्यांनी करतात. त्याआधी केली तर दोष असला तरी दिसत नाही, आणि घरचे उगाच निर्धास्त होतात.

प्रश्न : गरोदरपणाचा तेरावा आठवडा लागलाय आणि कालपासून फ्लूसारखा ताप आहे. एनटी स्कॅन (बाळात गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता किती ते बघणारी सोनोग्राफी) चुकला तर?

उत्तर : हा स्कॅन ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच करतात, म्हणून तुमच्या हातात थोडेच दिवस आहेत. केंद्राला फोन करा, तापाचं सांगा आणि मुदतीतली शेवटची वेळ मागा. तोवर बरं वाटलं नाही, तर १५ ते २० आठवड्यांच्या दरम्यान अशाच दोषांची शक्यता बघणारी रक्ताची क्वाड्रुपल चाचणी करता येते. सगळंच हातचं गेलं असं नाही.

ताप मात्र अंगावर काढू नका. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत जास्तीत जास्त ८ गोळ्या. चूक नेमकी इथे होते : सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं आणि नकळत दुप्पट पोटात जातं. पाकिटावर वाचा. आयब्युप्रोफेन घेऊ नका. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू झालेलं बरं, म्हणून चाचणीच्या अहवालाची वाट न बघता डॉक्टरांना विचारा. घरी ऑक्सिमीटर असेल तर नेलपॉलिश काढून मोजा. आकडा ९५ च्या खाली गेला तर रुग्णालय गाठा.

प्रश्न : मी गरोदर आहे आणि मला हेपटायटिस बी आहे. तपासणीला गेलं की मला सगळ्यांपासून लांब बसवतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. हा आजार रक्तातून आणि शरीरातल्या स्रावांतून पसरतो. शेजारी बसल्याने, बोलल्याने किंवा हात लागल्याने होत नाही. रक्त घेताना हातमोजे तर प्रत्येक रुग्णासाठी घालायचेच असतात. वेगळी खुर्ची नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

तुम्ही आग्रह धरायचा तो दुसऱ्या दोन गोष्टींचा. रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण मोजून घ्या. ते दर मिलिलिटरला २ लाख आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा जास्त असेल, तर साधारण २८ व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध देतात. आणि जन्मल्यावर १२ तासांच्या आत बाळाला लसीचा पहिला डोस एका मांडीत आणि इम्युनोग्लोब्युलिन दुसऱ्या मांडीत मिळायला हवं. प्रसूती रात्री-अपरात्री झाली की औषध साठ्यात नसल्याचं तेव्हाच कळतं, म्हणून आठव्या महिन्यातच चौकशी करून ते फाइलवर ठळक लिहून घ्या. बाळाला अंगावरचं दूध द्यायला हरकत नाही.