न्यूट्रलची पिन का जळली?

प्रश्न : गीझरचा प्लग काढला तर एक पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लॅस्टिक वितळलेलं. वायरमन म्हणाला, ही न्यूट्रलची. वीज गीझरमध्ये वापरली जाते ना? मग परतीच्या पिनेत एवढी उरते कुठून? आणि एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) का पडला नाही?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, सगळं अडतंय ते 'वापरली' या शब्दापाशी. करंट वापरला जात नाही. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, जेवढा आत जातो, तेवढाच न्यूट्रलमधून परततो. पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवा. जेवढा जातो तेवढाच परत येतो, दळण मात्र होतं. तारेतले इलेक्ट्रॉनही वीजकेंद्रातून धावत येत नाहीत. सेकंदाला 50 वेळा जागच्या जागी पुढे-मागे हलतात, तेही केसाच्या जाडीपेक्षा कमी. ऊर्जा येते तारांभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून, आणि जिथे रोध, म्हणजे करंटला अडथळा, असेल तिथे तिची उष्णता होते.

2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर साडेआठ-पावणेनऊ अँपिअर घेतो. आतल्या पाणी तापवणाऱ्या एलिमेंटचा रोध साधारण 26 ओहम, तारांचा त्यापुढे नगण्य, म्हणून जवळपास सगळी ऊर्जा पाण्यात उतरते. पण सॉकेटमागचा स्क्रू ढिला होऊन तिथे नुसता अर्धा ओहम रोध आला, तरी त्या एवढ्याशा जागेत 36 वॅट उष्णता होते. कथील वितळवणारा सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचा असतो! पट्टा पुलीवर घसरला की तिथेच तापतो, तसंच हे. स्क्रू फेजचा ढिला असता तर फेजची पिन जळली असती.

मी 30 वर्षं वायरिंग करतोय. असा सॉकेट उघडण्याआधीच सडक्या मासळीसारखा वास येतो. स्क्रूला पेचकस लावला की अर्धा फेरा अलगद फिरतो. खालचं तांबं काळंठिक्कर. तो काळा थर रोध आणखी वाढवतो, की जागा आणखी तापते.

एमसीबी जादा करंटला पडतो. इथे रोध वाढल्याने करंट उलट किंचित कमीच होतो, त्याला कळणार कसं? म्हणून गीझर बंद केल्यावर प्लगला हात लावून बघत जा. चटका बसला तर वायरमनला त्याच दिवशी बोलवा.

मेन बंद करून, वायरचा काळा भाग छाटून, 16 अँपिअरचा सॉकेट आणि प्लग दोन्ही नवे बसवून घ्या. जळकी पिन पॉलिश पेपरने घासून परत लावू देऊ नका. नव्या सॉकेटची पत्तीही ती जाळते.