पेसमेकर असताना एमआरआय करता येतो का?

तुम्ही लिहिलंय की आईंना चार वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला, आता कंबरेचा एमआरआय सांगितलाय आणि सेंटरने फोनवरच ‘पेसमेकरवाल्यांचा होत नाही’ म्हणून टाकलं. मी परळला एमआरआय टेक्निशियन आहे. त्या एका नकारावर थांबू नका, बरेचदा होतो.

आधी पेसमेकरचं कार्ड शोधा. डिस्चार्जच्या फायलीत असेल, नाहीतर कपाटात आधार-रेशनकार्डाच्या पिशवीत. त्यावर पेसमेकरच्या डबीचं मॉडेल असतं आणि खाली लीडचं, म्हणजे डबीपासून हृदयात गेलेल्या तारांचं. लोक डबीचं नाव वाचून निर्धास्त होतात, मला मात्र खालच्या ओळी हव्या असतात. डबी आणि तारा दोन्ही ‘एमआर कंडिशनल’, म्हणजे ठरावीक अटी पाळून एमआरआयला चालणाऱ्या, असाव्या लागतात. मशीनच्या रेडिओलहरींना ती लांब तार अँटेनासारखी मिळते आणि तिचं टोक तापू शकतं. ते टोक हृदयाच्या स्नायूत रुतलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात कल्याणहून एक काका आले होते. डबी नवी, एमआरआयला चालणारी. कार्डावर लीडचा रकाना मात्र कोरा. छातीचा एक्स-रे काढला तर दोन तारा डबीला जोडलेल्या आणि तिसरी नुसतीच आत पडलेली, वरचं टोक मोकळं. कधीतरी डबी बदलताना निकामी तार तशीच ठेवली होती. काकांना पत्ता नाही, मुलालाही नाही. आमच्या रेडिओलॉजिस्टनी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून एमआरआयऐवजी सीटी केला. एवढ्या लांबून आलेला माणूस हिरमुसला याचं मला वाईट वाटलं, पण उद्या तसंच कुणी आलं तरी मी थांबवेनच.

कार्ड सापडलंच नाही तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागातून नोंद मागा. डबी-तारांची जोडी जुन्या पद्धतीची, म्हणजे ‘एमआर कंडिशनल’ नसलेली निघाली तरी दार बंद होत नाही. अमेरिकेत अशा पेसमेकरवाल्या रुग्णांचे छाती सोडून इतर भागांचे १००० स्कॅन १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनवर काळजीपूर्वक केले गेले, २०१७ मध्ये तो अभ्यास छापून आला, त्यात स्कॅनमुळे एकही मृत्यू झाला नाही. पण हे काम हृदयरोगतज्ज्ञ हाताशी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच.

सेंटरला पुन्हा फोन कराल तेव्हा कार्डाचा फोटो आधी पाठवा आणि विचारा, पेसमेकर प्रोग्राम करायला त्या दिवशी कोण येणार? स्कॅनआधी तो एमआरआय मोडवर टाकावा लागतो, स्कॅन चालू असताना ईसीजी आणि ऑक्सिजनवर कुणीतरी सतत नजर ठेवावी लागते. याचं धड उत्तर मिळालं नाही तर दुसरं सेंटर बघा.

आणि आत जाताना आईंच्या साडीच्या, ब्लाउजच्या पिना तुम्ही स्वतः काढून घ्या. चुंबक चोवीस तास चालू असतं, स्कॅन नसतानाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतच ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण, रुग्णाचा नातेवाईक, जिवाला मुकला. तेव्हापासून मी दाराशी प्रत्येक नातेवाइकाचे खिसेही तपासते, कुणी रागावलं तरी.

स्कॅन संपला की पेसमेकर पुन्हा नेहमीच्या सेटिंगवर आणून तपासतात. ते झाल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय आईंना घरी नेऊ नका.