सरकारी वृक्षलागवडीत एका झाडामागचा खर्च कसा काढायचा?

एकूण खर्चाला लावलेल्या रोपांच्या संख्येनं भागलं की झालं का, असं तुम्ही विचारलंय. नाही हो. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जी झाडं उभी आहेत, त्यांच्या संख्येनं भागा. २०१७ ते २०१९ मध्ये राज्यानं ४, १३ आणि ३३ असं मिळून ५० कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, तेव्हाही ज्याच्या त्याच्या तोंडी लावलेल्या रोपांचाच आकडा होता. मी धुळे जिल्ह्यात अशा कामांची अंदाजपत्रकं करायचो, म्हणून इकडचंच उदाहरण देतो.

एक हेक्टर गायरान धरा. ४ बाय ४ मीटरवर ६२५ रोपं बसतात. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल घेतला तर खोदाई सुमारे २,१०० घनफूट. दोन फुटांचा घेतला तर थेट ५,०००. अर्ध्या फुटानं खोदाई दुपटीच्या वर जाते. साक्रीकडच्या मुरमाड माळाला मऊ मातीचा दर लावला तर मजुराला दिवसाचा रोजही सुटत नाही. आधी चार ठिकाणी कुदळ मारून बघा, मग दरसूची उघडा. रोपं, वाहतूक, खत, लागवड यांचे दर तिथं सरळ मिळतात.

खरा खर्च पाण्याचा. फेब्रुवारी ते जूनचा पहिला आठवडा, आठवड्याला एक पाळी धरली तर १८ पाळ्या होतात. रोपाला १० लिटर म्हणजे एका पाळीला ६,२५० लिटर. १८ पाळ्यांना १,१२,५०० लिटर. ५,००० लिटरचे साडेबावीस टँकर, तेही एकाच उन्हाळ्याचे. विहीर किती लांब आहे त्यावर टँकरचं भाडं ठरतं, आणि मे महिन्यात जवळची विहीर आटलेली असते. भाडं लांबच्या विहिरीचंच धरा.

एका गावच्या कामात राखणदार पहिल्या वर्षापुरताच धरलेला होता. दुसऱ्या मे महिन्यात मी गेलो तर आळी मातीनं बुजलेली, शेंडे शेळ्यांनी खाल्लेले, आणि काही खड्ड्यांत नुसत्या काळ्या पिशव्या. पिशवी न फाडताच रोपं लावली होती. एक आजी म्हणाल्या, "झाडं लावशात भाऊ, पन उन्हायामा पानी कोन टाकी?" तेव्हापासून मी राखण, निंदणी आणि नांग्या भरणं, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं, तिन्ही वर्षं धरूनच अंदाजपत्रकाचा कागद पुढे पाठवला.

समजा, काटकसर करून रोपामागे १०० रुपये लागले आणि शंभरातली ४० जगली, तर एक झाड पडलं २५० रुपयांना. पाणी-राखणीसकट १६० लागले आणि ८० जगली, तर २०० रुपयांना. महाग दिसणारा कागदच स्वस्त निघतो.

खड्डे मोजण्याआधी शिवारात जुने खुंट आहेत का तेही फिरून बघा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळून जंगल परत उभं केलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. जुन्या खुंटातून येणाऱ्या सागाच्या, पळसाच्या फुटव्याला खड्डा लागत नाही की टँकर लागत नाही, लागते ती राखण. तेवढं क्षेत्र आधी वजा करा आणि उरलेल्यावरच खड्डे धरा.