लोप पावणाऱ्या आदिवासी भाषा सरकारी धोरणाने खरंच वाचतात का?

तुम्ही विचारलंय की मूळनिवासी समाजांच्या लोप पावत चाललेल्या भाषा सरकारी धोरणाने वाचतात, की ते सगळे कागदी घोडेच ठरतात. माझं उत्तर आहे, वाचतात. पण बहुतेक सरकारं चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी राजभाषेचा दर्जा, मग शब्दकोश, मग वर्षातून एकदा समारंभ. तोवर आजीची भाषा नातवंडांना कळेनाशी झालेली असते.

अमेरिकेच्या हवाई बेटांवर नेमकं हेच झालं. १८९६च्या कायद्याने तिथल्या शाळांचं माध्यम इंग्रजी झालं आणि दोन-तीन पिढ्यांत घरातली भाषा गेली. १९७८ साली राज्यघटनेने हवाईयनला राजभाषा केलं, तरी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती सहज बोलणारी मुलं पन्नासच्याही आत उरली होती, असा अंदाज सांगितला जातो. चित्र पालटायला लागलं ते १९८४मध्ये, जेव्हा पालक आणि भाषाप्रेमी शिक्षकांनी पहिली ‘पूनाना लेओ’ बालवाडी उघडली. तिथे दिवसभर फक्त हवाईयन. राजभाषेचा दर्जा असूनही शाळांच्या माध्यमाबद्दलचे जुने नियम आड येत होते. ते १९८६मध्ये बदलून घ्यावे लागले आणि पुढच्याच वर्षी सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले.

ही कल्पना न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरींकडून आली होती. त्यांची ‘कोहांगा रेओ’ बालकेंद्रं १९८२पासूनची, आणि माओरीला राजभाषा करणारा कायदा त्यानंतर, १९८७चा. आधी मुलं बोलायला लागली, कायदा मागून आला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

बालवाडीनंतर मात्र खरी अडचण समोर येते: शिकवणार कोण? म्हातारी माणसं भाषा बोलतात, लहान मुलं शिकतायत, आणि मधल्या वयाची माणसं, म्हणजे ज्यांनी शिक्षक व्हायचं, तीच भाषेला मुकलेली. फिनलंडमधल्या मूळनिवासी सामी लोकांच्या इनारी सामी या भाषेचं हेच झालं होतं. बोलणारे जेमतेम काहीशे. १९९७मध्ये त्यांनी बालकेंद्र सुरू केलं, पण पुढे शाळेला माणसं मिळेनात. म्हणून २००९-१०मध्ये सतरा प्रौढांना वर्षभर पूर्णवेळ भाषा शिकवली. वर्गातल्या व्याकरणाबरोबर एक भाग असा होता की शिकणाऱ्याने वयस्कर भाषकाच्या घरी जायचं, त्यांच्याबरोबर स्वयंपाक करायचा, मासेमारीला जायचं, हस्तकला शिकायची आणि बोलायचं ते इनारी सामीतच. नंतर त्यातले बरेच जण याच भाषेत काम करू लागले. सतरा माणसं म्हणजे सरकारी हिशेबात काहीच नाही, पण एवढ्या छोट्या भाषेसाठी ती अख्खी पिढी आहे. मला विचाराल तर भाषाधोरणाचा पैसा सगळ्यात आधी इथे जायला हवा.

सरकारी मदतीचा धोकाही सांगायला हवा. १९९०मध्ये कोहांगा रेओ शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत गेली आणि इतर बालवाड्यांसाठी केलेले नियम आणि निधीचे निकष त्यांनाही लागू झाले. ज्या केंद्रांचा प्राण आजी-आजोबा आणि कुटुंबं होती, तिथे सगळा भर प्रशिक्षित, पदवीधर शिक्षकांवर आला. १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर मुलांची संख्या घटत गेली. कारणं बरीच होती, पण २०१२मध्ये माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या वायतांगी न्यायाधिकरणाने या व्यवस्थेबद्दल सरकारला दोष दिला. भाषा जपायला निघालेलं सरकार तिच्या जाणकारांनाच अपात्र ठरवतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा एखादं धोरण कितपत खरं आहे हे पाहायचं असेल, तर त्याच्या प्रस्तावनेत फार वेळ घालवू नका. पैसे किती वर्षांसाठी आहेत ते बघा. बालवाडीत आलेलं मूल शाळा संपवेपर्यंत ते पुरणार आहेत का? पदवी नसलेल्या भाषकाला मानधन मिळतं का? खर्च कुठे करायचा हे तो समाज ठरवतो की राजधानीतला अधिकारी? आणि शाळेतून बाहेर पडलेल्या तरुणाला त्या भाषेत काम देणारी निदान चार ठिकाणं आहेत का: शाळा, दवाखाना, रेडिओ, पंचायत?

ध्वनिमुद्रण आणि शब्दकोश जरूर व्हावेत, वयस्कर भाषक हयात आहेत तोवर तर तातडीने. फक्त त्यासाठीच सगळी तरतूद संपवू नये.